थंडीत कुत्र्याला फिरवायचं कसं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेक प्रश्न थंडीचेच आहेत, निम्मे बर्फाच्या गावांतून आणि निम्मे आपल्याकडचे. उत्तरं जागेप्रमाणे बदलतात, पण एक गोष्ट सगळ्यांना सारखीच लागू आहे म्हणून आधीच सांगते. किती वेळ फिरवायचं हे मोबाईलवरचा तापमानाचा आकडा एकटा ठरवू शकत नाही, तुमचा कुत्रा ठरवतो. त्याचे केस किती दाट, वय काय, वजन किती, आणि पाय कसे आहेत. थंडीत पहिली तक्रार नेहमी पाय करतात आणि आपण नेमकं तिकडेच बघत नाही.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही मागच्या वर्षी पुण्याहून कॅनडात मिसिसॉगाला आलो, येताना आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री राणी पण आणली. चार वर्षांची आहे, १६ किलो. पुण्यात टेकडीवर मनसोक्त पळायची. इथे बर्फ पडल्यापासून बाहेर नेलं की थोडं चालते, मग एक पाय वर धरून उभी राहते, मग दुसरा, आणि शेवटी फुटपाथवर बसूनच घेते. बूट घातले तर जागची हलत नाही. सासूबाई म्हणतात पायांना खोबरेल तेल लाव, नवरा म्हणतो होईल सवय, लांडगे नाही का राहत बर्फात. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, आधी राणीचं ऐका, ती अगदी स्पष्ट सांगतेय की पाय दुखतायत. आणि माझा अंदाज असा की तिला बर्फापेक्षा जास्त त्रास मिठाचा होतोय. कुत्र्याच्या पंज्यांची रचना मुळात थंडीला बरीच तोंड देणारी आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की पायाच्या गादीत गरम रक्त आणणाऱ्या आणि गार रक्त परत नेणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना अगदी खेटून असतात, त्यामुळे परत जाणारं रक्त वाटेतच गरम होतं आणि गादी गोठत नाही. म्हणजे नुसत्या ताज्या बर्फावर थोडा वेळ चालायला निरोगी कुत्र्याला सहसा एवढी अडचण येऊ नये. पण तुमच्याकडे फुटपाथवर बर्फ वितळवायला जे टाकतात ते साधं मीठ असतं नाहीतर कॅल्शियम क्लोराईड. साधं मीठ साधारण उणे ९ अंशांपर्यंतच नीट काम करतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराईड वापरतात, आणि ते पाण्यात विरघळताना चक्क गरम होतं. ओल्या पंज्याच्या बोटांमध्ये त्याचा खडा अडकला की कातडी भाजल्यासारखी होते. पाय वर धरून उभं राहायचं हे एक मोठं कारण.

तर पहिला बदल रस्त्याचा करा. फुटपाथ सोडून कडेच्या गवतावरच्या, पार्कातल्या स्वच्छ बर्फावरून न्या, जिथे मीठ टाकलेलं नसतं. तिथे ती नीट चालली तर तुमचं निदान झालंच म्हणून समजा. बोटांमध्ये मात्र बर्फाचे गोळे होतात, केसांना धरून बसतात आणि चालताना खड्यासारखे टोचतात, राणीला बोटांमध्ये फार केस नसतील तरी एकदा पंजा उलटा करून बघा. केस गादीच्या पातळीपर्यंत कापलेले हवेत, त्याहून खोल कात्री नको.

दुसरं, घरात शिरताना दाराशीच एक पसरट टब, कोमट पाण्याचा मग आणि जुना टॉवेल कायम ठेवा. एकेक पंजा पाण्यात बुडवा, बोटं हलकेच फाकवून मधली जागा धुवा, गोळा अडकला असेल तर ओढू नका, पाण्यात आपोआप सुटतो. मग नीट टिपून कोरडं करा, मधली जागा ओली राहिली की दोन दिवसांत लाल होते. पोटाखालचे केस पण पुसा, मीठ तिथेही उडतं. हे सगळं ती पाय चाटायच्या आधी झालं पाहिजे. थोडं मीठ पोटात गेलं तर उलटी, लाळ, खूप तहान एवढ्यावर भागतं, पण कुत्र्याने जास्त खाल्लं तर अंग थरथरणं, झटके येणं इथपर्यंत जाऊ शकतं. घराच्या पायऱ्यांवर टाकायला पेट-सेफ म्हणून मिळतं ते आणा, पायांना सौम्य असतं, पण खायला तेही सुरक्षित नाही.

खोबरेल तेलाबद्दल, सासूबाईंचा हेतू चांगला आहे आणि पंजे सुकून भेगा पडल्या असतील तर रात्री अगदी बोटभर तेल चोळायला हरकत नाही. पण बाहेर जाताना त्याचा उपयोग नाही. ते थंडीत लगेच थिजतं, मिठाला अडवत नाही, आणि राणी ते चाटून टाकेल, जास्त पोटात गेलं की जुलाब. बाहेर जाण्यापूर्वी मेणाचा पंज्यांसाठीचा बाम मिळतो तो पातळ थरात लावा.

बुटांचं म्हणाल तर जागची न हलणं हे अगदी नेहमीचं आहे. कुत्र्याला जमीन पायाने कळते, चारही पाय एकदम झाकले की तो गोंधळतो. घरातच सुरुवात करा, एकच बूट, एक-दोन मिनिटं, लगेच आवडता खाऊ, बूट काढला की खाऊ बंद. दुसऱ्या दिवशी दोन. असं करत चार बुटांवर ती घरात आरामात फिरायला लागली की मगच बाहेर. वेल्क्रोचा पट्टा किती आवळायचा तर पट्टा आणि पाय यांच्यामध्ये तुमचं एक बोट जाईल इतका, त्याहून घट्ट केला तर रक्तपुरवठा तुटतो आणि थंडीत पाय बधिर व्हायला तेवढं पुरतं. काही कुत्री जाड बूट अजिबात मान्य करत नाहीत त्यांच्यासाठी पातळ रबराचे बिनतळव्याचे मोजे मिळतात, ते मिठापासून वाचवतात, गारठ्यापासून नाही, आणि आत घाम साचतो म्हणून घरी आल्या-आल्या काढायचे.

आणि तुमच्या यजमानांना सांगा की लांडग्याला आत लोकरीचा दाट थर असतो. आपल्या इंडी कुत्र्यांचे केस आखूड असतात, आतला थर अगदी पातळ, त्यांची जडणघडण आपल्या हवेसाठी झालीये. सवय थोडी होते, पण केस काही हस्कीचे होत नाहीत. राणीला शून्याखाली जॅकेट हवंच, छाती आणि पोट झाकणारं, बाहेरून पाणी न शोषणारं. लोकरीचा स्वेटर बर्फात भिजला की उलट अंगातली ऊब खातो. वेळेचं माझं गणित असं आहे की अशा कुत्र्याला शून्य ते उणे ७ मध्ये जॅकेट घालून वीसेक मिनिटं, त्याखाली दहा मिनिटं, आणि उणे १५ च्या पुढे शी-शू झाली की घरात. यात वारा धरायला विसरू नका. उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. एक लांब फेरी मारण्याऐवजी चार छोट्या मारा, उरलेली धाव घरात खेळून, वास हुंगून खाऊ शोधायला लावून भागते. आणि हो, तुमच्याकडे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास अंधार होतो, ऑफिसमधून आल्यावर नेत असाल तर चमकणारा पट्टा किंवा लाईटवाली कॉलर पाहिजेच, बर्फात घसरणारी गाडी ऐनवेळी थांबत नाही.

प्रश्न: एडिसन, न्यू जर्सीहून लिहितोय. आमचा बीगल, दहा किलोचा, जमिनीवरचं काहीही चाटतो. परवा पार्किंगमध्ये एका गाडीखाली हिरवट पाणी साचलं होतं, त्याने तोंड घातलंच होतं पण मी ओढला. तो ठीक आहे. कोणीतरी म्हणालं ते विष असतं, खरंय का, की उगाच घाबरवतात?

उत्तर: खरंय, आणि तुम्ही ओढलंत ते फार चांगलं केलंत. ते बहुधा गाडीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझ होतं. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, आणि कुत्र्यांना ते अगदी थोडं पुरतं. दहा किलोच्या कुत्र्याला निव्वळ स्वरूपात साधारण ५० मिलीलिटर जीवघेणं ठरू शकतं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी त्यात कडू द्रव्य मिसळायचं आपणहून मान्य केलं, पण बीगलसारख्या खादाड कुत्र्याला कडू चव थांबवेलच असं नाही, आणि रंगावरही जाऊ नका, हिरवं, गुलाबी, नारिंगी सगळे रंग येतात.

यातला खरा धोका असा की मध्ये कुत्रा बरा झाल्यासारखा वाटतो. पहिल्या काही तासांत तो दारू प्यायल्यासारखा लडखडतो, उलटी करतो, सारखं पाणी पितो. मग हे सगळं कमी होतं आणि घरचे निर्धास्त होतात. त्याच वेळी आत किडनीत स्फटिक साचत असतात आणि दीड ते तीन दिवसांत किडनी बंद पडते. याच्यावर उतारा आहे, फोमेपिझोल नावाचं औषध, पण ते पहिल्या आठ ते बारा तासांत मिळालं तरच खरा उपयोग, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. त्यामुळे पुढे कधी चाटलं असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सी व्हेटकडे, वाटेत एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या विषबाधा हेल्पलाईनला ८८८-४२६-४४३५ वर फोन लावा, २४ तास चालू असते, फी घेतात पण सल्ला पक्का मिळतो. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा आपला जुना उपाय कुत्र्यावर अजिबात करू नका, त्या मिठानेच दुसरी विषबाधा होते.

पार्किंगमधून नेताना पट्टा आखूड धरा. लांब-आखूड होणारा दोरीचा पट्टा हिवाळ्यात बाजूलाच ठेवा, एक तर तो गाडीखाली जाईपर्यंत कळत नाही, आणि पायाखाली काळा बर्फ, म्हणजे रस्त्यावरचा सहज न दिसणारा पातळ बर्फ असताना कुत्र्याने धावत जाऊन हिसका दिला की तुम्ही आडवे.

प्रश्न: आम्ही मिनियापोलिसला राहतो. जर्मन शेफर्ड आहे, बर्फ त्याला प्रचंड आवडतो, लेक हॅरिएट गोठलं की लोक तिथे चालतात तसं आम्हीही त्याला मोकळं सोडतो. कधी थांबवायचं हे तो सांगतच नाही. कसं ओळखायचं?

उत्तर: शेफर्डला दुहेरी केस असतात, त्यामुळे त्याला थंडी झेपते, जॅकेट लागत नाही आणि हिवाळ्यात ते केस भादरायचे तर मुळीच नाहीत. पण आनंदात असलेला कुत्रा कधी थांबायचं ते सांगत नाही हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, म्हणून तुम्हीच बघायचं. मध्येच थांबून हातमोजा काढा आणि त्याच्या कानाची टोकं, शेपटीचं टोक, पंजे हाताने चाचपा. नर असेल तर अंडकोष पण, तिथे केस कमी म्हणून हिमदंश तिथे लवकर होतो. कातडी फिकट किंवा निळसर-करडी, गार आणि कडक लागली तर तिथूनच मागे फिरा. घरी तो भाग चोळू नका, हेअर ड्रायर लावू नका, कोमट पाण्यात ठेवलेल्या कपड्याने हळूहळू ऊब द्या आणि व्हेटला दाखवा, खरं नुकसान किती झालं ते दिसायला बरेच दिवस लागतात.

कुडकुडणं ही पहिली सूचना. पण कुडकुडणारा कुत्रा अचानक कुडकुडायचा थांबला, सुस्त झाला, पाय अडखळायला लागले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर तो सावरलाय असं समजू नका, शरीराने हात टेकलेत. कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा, गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पोटाशी धरा आणि निघा. घरी थर्मामीटर असेल तर कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाईट असतं हे लक्षात ठेवा, ९९ च्या खाली गेलं की डॉक्टरकडे जायचंच.

तळ्याच्या बाबतीत मी जरा कडक बोलणार आहे. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं माणसाला पायी चालायला निदान ४ इंच जाडीचा नवा, स्वच्छ बर्फ हवा म्हणतं, आणि तेच खातं हेही सांगतं की कुठलाच बर्फ पूर्ण सुरक्षित नसतो. तळ्याचा बर्फ सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, झरा असेल, नाल्याचं तोंड असेल तिथे तो पातळ राहतो, आणि मोकळा सोडलेला शेफर्ड बदकं दिसली की नेमका तिकडेच जाणार. तिथे नेहमी पट्टा हवा. आणि समजा कुत्रा पाण्यात पडलाच तर त्याच्यामागे बर्फावर जाऊ नका, काठावरून हाका मारत राहा म्हणजे तो आला त्याच दिशेला परत चढायचा प्रयत्न करेल, आणि लगेच ९११. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड आहे मला माहीत आहे, पण कुत्र्याला वाचवायला गेलेली माणसं बुडतात, म्हणून आत्ताच घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्न: निफाड तालुक्यातून. आमचा कुत्रा वस्तीवर असतो, पहाटे पाचला मी द्राक्षबागेत चक्कर मारायला निघतो तेव्हा बरोबर येतो. इकडे थंडी खूप पडते, पारा पाचच्या खाली पण जातो. बाहेर झोपतो, पहाटे फिरतो, चालेल ना?

उत्तर: दादा, थंडीचं आधी सांगते, मग जास्त महत्त्वाचं. तरणा, धट्टाकट्टा गावठी कुत्रा कोरडा असेल आणि वाऱ्यापासून आडोसा असेल तर पाच अंशांची थंडी काढतो. त्याला जमिनीवर झोपू देऊ नका, फळी टाका, वर गोणपाट आणि त्यावर कोरडा कडबा किंवा भुसा, ओला झाला की बदलायचा. हिवाळ्यात बाहेर राहणाऱ्याला खायला थोडं जास्त लागतं, भाकरी एखादी वाढवा. दव पडलेल्या गवतातून आला की पोट आणि पाय पुसा. पिल्लू किंवा म्हातारा असेल तर मात्र रात्री पडवीत घ्या.

पण पहाटे पाचची वेळ बदला. कारण बिबट्या. उसाची तोड सुरू झाली की त्याची लपायची जागा जाते आणि तो वस्तीकडे सरकतो, आणि त्याची हालचाल अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं होतं, त्यात वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. म्हणजे अंधारात पुढे-पुढे धावणारा कुत्रा बिबट्याला तुमच्यापर्यंत आणू शकतो. स्वच्छ उजाडल्यावर निघा, टॉर्च आणि काठी जवळ ठेवा, मोबाईलवर गाणी लावा, कुत्रा पट्ट्याने बांधून शेजारी चालवा. रात्री त्याला उघड्यावर साखळीने बांधून ठेवू नका, बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. जाळीचं बंद खुराडं केलंत तर उत्तम.

आणि बागेत नेताय म्हणून अजून एक. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत, किडनीवर जातात. सगळ्याच कुत्र्यांना होत नाही, पण कोणाला होईल आणि कितीने होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही नको. टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं असं अमेरिकेतल्या व्हेट मंडळींनी २०२१ मध्ये मांडलं, चिंचेतही तेच आम्ल असतं, तेव्हा चिंचसुद्धा लांब ठेवा. खाली गळलेले मणी तो खात असेल तर हंगामात बागेत न नेलेलं बरं. खाल्लेच तर उलटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न: पुण्यात आहोत, लॅब्रॅडॉर, अकरा वर्षांचा. थंडीत सकाळी उठायलाच बघत नाही, मागचे पाय आखडतात. स्वेटर घालू का? आणि दुखणं कमी व्हायला आपल्याकडची गोळी अर्धी दिली तर?

उत्तर: गोळी नको, अर्धी नको आणि पावही नको. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते, आणि घराघरात असणाऱ्या कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. कुत्र्यांसाठी सांधेदुखीची वेगळी औषधं आहेत, ती रक्त तपासून डॉक्टर देतात, आणि या वयात ती तपासणी करून घ्याच. सांधेदुखीत कुत्रा फार क्वचित विव्हळतो, तो फक्त कमी चालतो, आणि आपण म्हणतो म्हातारा झाला.

पुण्यातल्या दहा-बारा अंशांत लॅबला स्वेटर लागत नाही, त्याचे स्वतःचे केस पुरतात, उलट चालून गरम झाला की धापा टाकेल. त्याला लागतं ते जाड अंथरूण आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी, म्हणजे उठताना मागचे पाय घसरत नाहीत. उठल्या-उठल्या बाहेर काढू नका, आधी मांड्या आणि कंबर हाताने दोन-चार मिनिटं चोळा, घरातच चालवा, मग बाहेर. पहाटे सहाऐवजी आठ-साडेआठला न्या, ऊन आलेलं असतं आणि रात्रीच्या शेकोट्यांचा, कचरा जाळलेला धूर जमिनीलगत साचलेला असतो तोही विरतो. कुत्र्याचं नाक त्याच उंचीवर असतं. फेरी छोटी ठेवा पण रोज ठेवा, एक दिवस सुट्टी दिली की दुसऱ्या दिवशी जास्त आखडतो. वजन जास्त असेल तर ते कमी करणं हे कुठल्याही गोळीइतकंच उपयोगी आहे.

प्रश्न: नागपूर. संक्रांतीच्या दिवसांत मांजामुळे कुत्र्याला बाहेर काढायची भीती वाटते. काय करू?

उत्तर: नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातलीये, तरी तो रस्त्यावर सापडतो, त्यामुळे भीती रास्त आहे. जानेवारीचा पहिला पंधरवडा सकाळी लवकर, पतंग उडायच्या आधी न्या, आणि झाडाझुडपांची, विजेच्या तारांखालची जागा टाळा. पायात गुंतला तर कुत्रा जोरात ओढतो आणि तो आणखी खोल जातो, तेव्हा त्याला आधी खाली बसवा, धरून ठेवा, मग कात्रीने कापा. छोटी कात्री खिशात असू द्या. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापड दाबून धरून दवाखाना गाठा. आणि तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नका, आत आतडं कापलं जातं, तसाच ठेवून डॉक्टरकडे न्या.